पाडकामाला माणूस पाहिजे

आमच्या धंद्यात राडारोडा रोजच्या रोज उचलावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी मशीन उभं करायला जागा राहत नाही. किश्श्यांचं मात्र कोणी असं करत नाही, ते साचत जातात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हणालो, "घरं पाडतो," की त्याचा घास हातातच राहतो. मग त्याला धीर यावा म्हणून एक किस्सा सांगावा लागतो. त्याला चिकटून दुसरा येतो. मठ्ठा येईपर्यंत चार होतात!

मी सावेडीत राहतो आणि नगरमधल्या एका पाडकामाच्या फर्ममध्ये इंजिनिअर आहे. (नगर म्हणजे अहिल्यानगर. पत्ता लिहिताना बरोबर लिहितो, तोंडात अजून नगरच येतं.) माझे वडील भिक्षुकी करायचे, वास्तुशांतीला त्यांना गावभरातून बोलावणं असायचं. त्यांनी वास्तुशांती केलेल्या घरांपैकी दोन मी पाडली आहेत. त्यामुळे साइटवर मला सगळे 'गुरुजी' म्हणतात. आदराने म्हणतात की चिडवायला, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

फर्मचे मालक अण्णा. आणि सगळ्या कामाचे मुकादम तात्या, वय साठीच्या पुढे, गळ्यात काम सुरू करायची शिट्टी. कुठलीही इमारत ते आधी बाहेरून बघतात, मग आतून हिंडतात, भिंतीवर बोटाने टकटक करतात आणि कुठून सुरुवात करायची ते सांगतात. मी ड्रॉइंग पसरून तासभर बसतो आणि शेवटी तात्यांनी सांगितलेलंच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात तात्या ऑफिसात आले, खुर्चीत बसले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "अण्णा, दिवाळीपतुर हाय मी. फुडं न्हाई. माज्या जागी मानूस बघा."

अण्णा म्हणाले, "तात्या, तुम्ही नाही तर पाडकाम नाही. माणूस मिळाला नाही तर मशीन विकून टाकतो आणि गप घरी बसतो."

मला वाटलं, रागात बोलले. पण दुसऱ्या दिवशी खरंच एक गिऱ्हाईक मशीन बघायला आलं! चाकांचे पट्टे बघून, इंजिनचा आवाज ऐकून गेलं. जाताना म्हणालं, "दिवाळीला कळवा." फर्ममध्ये बावीस माणसं आहेत, तेविसावा मी. आणि या वयात मला दुसरं कोण घेणार?

*

तरुण माणूस मिळणं सोपं नाही, हे मला माहीत होतं. कारण आमच्याकडे एक तरुण आहे, संतोष. पोकलेन चालवतो, एवढ्या मोठ्या मशीनने खिडकीची काच न फोडता चौकट काढतो. त्याच्यासाठी शेवगावकडे मुलगी बघायला गेलो होतो. मुलाकडून वडीलधारा म्हणून मी.

पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

संतोष खरं बोलणारा. म्हणाला, "घरं पाडतो."

मी घाईघाईने "म्हणजे तसं नाही," म्हणून सुरुवात केली, पण म्हणजे कसं ते मला सुचेना. कोपऱ्यात मुलीची आजी बसली होती. तिने चष्मा वर केला आणि संतोषला विचारलं,

"कोनाची?"

लग्न ठरलं नाही. परतीच्या वाटेवर संतोष गाडी चालवता चालवता मलाच म्हणाला, "गुरुजी, मी चुकीचं काय बोललो?" मी बराच वेळ विचार केला. काहीच चुकीचं नव्हतं.

*

अण्णांना यूट्यूबवर प्रेरणादायी भाषणं बघायचा नाद आहे. ते म्हणाले, "गुरुजी, जाहिरात नको. तरुणांना इन्स्पायर करायचं! कॉलेजात जा. करिअर इन डिमॉलिशन!" बॅनरही करून आणला. त्यावर उगवता सूर्य, आणि सूर्यापुढे पडणारी बिल्डिंग.

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात करिअर मेळावा होता. एका बाजूला बँकेच्या परीक्षांचे क्लासवाले, दुसऱ्या बाजूला हॉटेल मॅनेजमेंट, मध्ये मी, तात्या आणि सहा हेल्मेटं. सकाळभर आमच्या टेबलापुढे रांग होती. मी खूश! मग कळलं, रांग हेल्मेट घालून सेल्फी काढायला आहे. फॉर्म तसेच पडून होते.

दुपारी भाषणाला बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला आम्ही कोण हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिने कागदावरचं वाचायला घेतलं, "राष्ट्राच्या उभारणीत ज्यांचा मोलाचा वाटा आहे असे..." तेवढ्यात तिची नजर बॅनरवर गेली. ती थांबली, आणि म्हणाली, "म्हणजे, उभारणीच्या आधी."

मी दहा मिनिटं बोललो. कोणती इमारत पडते, कोणती पाडतात, त्यातला फरक सांगितला. एकाने हात वर केला. "सर, यात प्रमोशन म्हणजे काय? आणखी मोठी बिल्डिंग?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे, तसं नाही. पण हो."

दुसऱ्याने विचारलं, "सर, यात वर्क फ्रॉम होम आहे का?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. "हाय की! घर तेवडं तुमचं पायजे."

टाळ्या भरपूर पडल्या. पण त्यानंतर तात्या कंटाळले आणि हॉलमध्ये हिंडायला लागले. सवयीने त्यांनी एका कॉलमवर टकटक केलं, कान लावला, वर बघितलं. प्राचार्य लगबगीने आले. "काय बघताय?"

"काय न्हाई. चार तासांत जाईल."

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. आठवड्याने कॉलेजकडून आभाराचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपलं मार्गदर्शन अत्यंत उपयुक्त होतं, मात्र ते सदर इमारतीवर कृतीत आणू नये.

*

त्या दिवशी फॉर्म एकच भरला गेला. टेबल आवरता आवरता एक मुलगी आली. बारीक, चष्मा, खांद्याला ड्रॉइंगची नळी. राहुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली, नाव अश्विनी.

"सर, इंटिरिअर डिझाईनचं टेबल हेच ना?"

ते टेबल पलीकडे होतं, पण ते लोक गाशा गुंडाळून गेले होते. मी तसं सांगणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "इंटिरिअर आमी पन करतो."

"काय काय करता?"

"समदं काडतो."

तिला काय कळलं देव जाणे. तिने फॉर्म भरला, खाली सही केली आणि विचारलं, "कधीपासून यायचं?" तिला नक्की काय वाटतंय हे मी विचारायला हवं होतं. खरं सांगायचं तर मुद्दामच विचारलं नाही. सहा तासांत मिळालेला एकच फॉर्म होता तो!

*

एक मुलगी पुरेशी नाही म्हणून अण्णांनी मला नेवाशाजवळच्या एका शाळेत पाठवलं. नववीचा वर्ग. मी विचारलं, "मोठं झाल्यावर इमारती पाडायला कोणाकोणाला आवडेल?"

सगळ्यांचे हात वर! काहींचे दोन्ही!

वर्गाच्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी शेवटच्या बाकावरच्या एका धिप्पाड मुलाला उभं केलं. "हा घेऊन जा. दोन बाकं, एक खिडकी आणि प्रयोगशाळेतला सांगाडा."

मी म्हटलं, "बाई, आम्हाला मोडतोड करणारी मुलं नकोत."

बाई गोंधळल्या. "मग पाडणार कोण?"

मी समजावलं, की जे पाडायचं तेवढंच पडलं पाहिजे. शेजारच्या भिंतीला तडा जाता कामा नये. त्यासाठी शांत, ऐकून घेणारं, नीटनेटकं मूल लागतं. बाईंनी मान डोलावली, बराच विचार केला आणि पहिल्या बाकावरच्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. "मग ही."

ती मुलगी रडायलाच लागली. "बाई, मी काय केलं?"

*

तरीही इकडून तिकडून दोनतीन उमेदवार मिळाले. आणि तात्यांनी ते एकेका दिवसात परत पाठवले.

पहिला डिप्लोमाचा टॉपर. बीम, कॉलम, लोड, सगळं पाठ. त्याने स्वतःचा ड्रोन आणला होता. पाडायची इमारत रिकामी आहे का हे बघायला त्याने ड्रोन एका खिडकीतून आत घातला, दुसरीतून बाहेर काढला आणि म्हणाला, "क्लिअर!" मी तर थक्क झालो. संध्याकाळी तात्या म्हणाले, "न्हाई जमायचं. हाक न्हाई."

आता हाकेचं सांगायला हवं. आमच्याकडे मशीन सुरू करायच्या आधी तात्या इमारतीच्या प्रत्येक खोलीत जातात आणि तीन वेळा हाक मारतात, "कोन हाय का?" मोरीत, माळ्यावर, जिन्याखालीसुद्धा. इमारत महिनाभर कुलूपबंद असली तरी. मी नवीन होतो तेव्हा मला हे जुन्या माणसाचं खूळ वाटायचं. मग एकदा एक पडीक गोदाम पाडायचं होतं. तिसऱ्या हाकेला पोत्यांच्या ढिगातून एक म्हातारा डोळे चोळत उठला आणि उलट तात्यांवरच ओरडला, "काय हाय रं? झोपू देतो का न्हाई?" तात्यांनी त्याला चहा पाजला. तेव्हापासून मी खूळ हा शब्द काढला नाही.

तर "हाक न्हाई" म्हटल्यावर मला वाटलं, आवाज मोठा पाहिजे. मी शोधून शोधून कबड्डीच्या स्पर्धांना माइकवर बोलणारा एक मुलगा आणला. त्याचा आवाज असा, की पहिल्या हाकेला समोरच्या गल्लीतले लोक बाहेर आले. त्याने प्रत्येक खोलीत तीन हाका मारल्या आणि पाच मिनिटांत दोन मजले करून खाली आला. मी विजयाने तात्यांकडे बघितलं.

"हाक हाय," तात्या म्हणाले. "थांबत न्हाई."

मी पार गोंधळलो. मोठ्याने मारली तरी नाही, तीनदा मारली तरी नाही. नक्की हवं काय आहे? अण्णांनी विचारलं, "काय म्हणतात तात्या?" मी सांगितलं, "थांबत नाही म्हणतात." अण्णा म्हणाले, "मग थांबायला सांगा की!" मी सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "किती सेकंद, सर?" तात्या उठून निघून गेले.

*

अश्विनी या सगळ्यात कुठे होती? वहीत लिहीत होती. आल्या दिवशी दुपारपर्यंत तिला कळलं होतं की हे इंटिरिअर नाही. मला वाटलं, उद्या येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी हजर! मी विचारलं, "अगं, तुला कळलंय ना, आपण काय करतो?" ती म्हणाली, "हो सर. मी घरी अजून सांगितलं नाहीये."

शिर्डीला एक जुना लॉज पाडत होतो. वरचे दोन मजले उतरवून झाले होते, पाटी मात्र दारावर तशीच. सकाळी अकोल्याचं एक कुटुंब बॅगा, पिशव्या आणि आजोबांसह दारात उभं! मोबाईलवर बुकिंग दाखवत होतं. मालकाने इमारत आम्हाला दिली, पण बुकिंग बंद करायला विसरला होता.

गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आमची दोनशे चार नंबरची खोली आहे!"

अश्विनीने ड्रॉइंग उघडलं, नीट बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "सर, दोनशे चार उद्या जाणार आहे. आज आहे."

"मग आज द्या!"

मी डोक्याला हात लावला. अश्विनीने मात्र आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुढचा अर्धा तास फोन करकरून त्यांना दुसरीकडे खोली मिळवून दिली. तोवर आमचं मशीन बंद. मी घड्याळ बघत होतो, तात्या तिच्याकडे बघत होते.

*

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. पाडकामात जे ठेवायचं असतं, म्हणजे विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावन, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत, त्याला घरमालक स्वतःच्या हाताने हळद-कुंकू लावतो. ही तात्यांची युक्ती. रंगाची खूण माणूस विसरतो, पण हळद-कुंकू लावलेल्या वस्तूवर घण उचलायला कोणाचा हात धजत नाही. मी अश्विनीला पहिला नियम हाच सांगितला होता, "हळद-कुंकू दिसलं की हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

सावेडीतल्या एका बंगल्याचं काम होतं. मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या माणसांनी हत्यारांची पूजा केली. दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी साइट उघडायची जबाबदारी अश्विनीवर, कारण मी आणि तात्या दुसरीकडे होतो.

दुपारी बारा वाजता आम्ही पोचलो तर कडुनिंबाखाली अकरा माणसं आरामात बसलेली. एक वीटसुद्धा हललेली नाही! अश्विनी वही घेऊन उभी.

"काय झालं?"

"सर, काहीच पाडायचं नाहीये." ती वाचायला लागली. पोकलेन, डंपर, सगळे घण, सगळ्या छिन्न्या, पाण्याची टाकी, चहाचा स्टोव्ह. मालकीणबाईंनी निरोप म्हणून घराच्याही प्रत्येक दाराला हळद-कुंकवाची बोटं लावली होती, तीही यादीत. एकूण सत्तेचाळीस वस्तू. मी कपाळाला हात लावायला हेल्मेट काढलं तर ती म्हणाली, "आता परत घालू नका सर. त्यालाही आहे."

अकरा माणसांपैकी एकानेही तिला चूक सांगितली नव्हती. वर एक जण मला म्हणाला, "नियम म्हंजी नियम, गुरुजी!"

आता तात्या हिची हजेरी घेणार, असं मला वाटलं. तात्यांनी यादी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "आज सुट्टी." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ऐकती."

एका दिवसाचं काम बुडालं आणि तात्या खूश! मला काही कळेनासं झालं होतं.

*

शेवटी अश्विनीच्या आईला कोणीतरी सांगितलंच, की पोरगी नगरला बंगल्यांची कामं करते. माउली एके दिवशी एसटीने आली, थेट साइटवर. नऊवारी, हातात डबा. मला म्हणाली, "सायेब, पोरीनं केलेलं घर बगायचंय."

मी अश्विनीकडे बघितलं. अश्विनी जमिनीकडे बघत होती. सावेडीचा तो बंगला आदल्याच दिवशी संपला होता. राडारोडा गेलेला, माती सपाट केलेली. मध्ये फक्त तुळशीवृंदावन आणि एका बाजूला सामाईक भिंत. दोन्ही जशीच्या तशी, साधा ओरखडासुद्धा नाही.

मी म्हणालो, "इथं होतं."

माउलीने सगळीकडे नजर फिरवली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर पोरीला हाताला धरून घेऊन जाईल. ती प्लॉटच्या मध्यापर्यंत चालत गेली, तुळशीपाशी वाकली, हात जोडले, परत आली आणि लेकीला म्हणाली,

"लई स्वच्छ केलंस गं."

डब्यात शेंगोळे होते. सगळ्यांनी खाल्ले. माउलीला काय समजलं होतं आणि काय नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

*

दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. राहुरीच्या रस्त्याला एक बंद पडलेलं मंगल कार्यालय पाडायचं होतं. खाली भटारखाना आणि जेवणाचा हॉल, वर वरपक्षाची आणि वधूपक्षाची खोली. तात्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न याच कार्यालयात झालं होतं. त्यांचं हे शेवटचं काम. अण्णा स्वतः आले होते, कारण मशीनचं गिऱ्हाईक त्याच दिवशी दुपारी पक्कं करायला येणार होतं. संतोष मशीनवर तोंड पाडून बसला होता.

तात्या म्हणाले, "आज पोरीला हाक मारू द्या. मी चा पिऊन येतो." आणि गेले.

अश्विनी आत गेली. आम्ही बाहेर उभे. भटारखान्यातून तिचा आवाज आला, "कोणी आहे का?" मग काहीच नाही. मला वाटलं, विसरली. तेवढ्यात दुसरी हाक. पुन्हा बराच वेळ शांत. मग तिसरी. जेवणाचा हॉल, जिन्याखालची खोली, असं करत करत ती वर गेली. अण्णा दोनदा म्हणाले, "करते काय ही एवढा वेळ?" वरपक्षाची खोली झाली. राहिली वधूपक्षाची.

पहिली हाक. शांत. दुसरी. शांत. तिसरी. शांत.

"झालं," अण्णा म्हणाले. संतोषने किल्लीला हात घातला.

आणि वरून चौथी हाक आली. "कोणी आहे का?"

"तीनच असतात ना?" अण्णांनी मला विचारलं. मी बोटांवर मोजलं. चारच झाल्या होत्या.

मग आतून, अगदी बारीक, तात्यांचा आवाज आला.

"हाय गं. दाराआड. हात दे. गुडगा धरलाय."

अण्णा तिथेच विटांच्या ढिगावर बसले. संतोषने हात किल्लीवरून असा काढला, की जणू चटका बसला. थोड्या वेळाने अश्विनी तात्यांना दंडाला धरून एकेक पायरी उतरवत खाली घेऊन आली.

अण्णा ओरडलेच. "तात्या! चहाला गेला होतात ना? आत काय करत होता?"

तात्यांनी पायजम्याची धूळ झटकली. मी अश्विनीला विचारलं, "चौथी का मारलीस?"

"माहीत नाही, सर. मारावीशी वाटली."

तात्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. तिचा चेहरा गोंधळलेलाच होता. अण्णांनी दोघांकडे बघितलं. मग त्यांनी फोन काढला, बाजूला गेले आणि मोठ्याने म्हणाले, "आज येऊ नका. नाही, उद्याही नको. विकायचं नाही म्हणतोय!"

मला इतकं बरं वाटलं! अण्णा परत आले, टाळी वाजवली. "चला! लई वेळ गेला. संतोष, घे!"

संतोष किल्ली फिरवणार, तेवढ्यात मी बघितलं, अश्विनी आमच्यात नव्हती. आणि आतून, भटारखान्यातून, पार पहिल्यापासून हाक आली,

"कोणी आहे का?"

"अहो, आता कोण असणार आत?" अण्णा वैतागले. "सगळे तर बाहेर उभे आहोत! तात्याही बाहेर आहेत!"

तात्या माझ्या शेजारी उभं राहून गुडघा चोळत होते.

"किल्ली काड रं, संतोष," ते म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."